मॅनरिझम : पोंतोर्मोच्या चित्रात जमीन कुठे आहे?

कोराकागद

मॅनरिझमवर, म्हणजे रेनेसान्सच्या (प्रबोधनकाळाच्या) शेवटी सोळाव्या शतकात इटलीत आलेल्या चित्रशैलीवर, बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता, आज बसलोच. फ्लॉरेन्सला गेलेल्या बहुतेकांचा एक अख्खा दिवस उफीत्सी ह्या चित्रसंग्रहालयाच्या रांगेत जातो, माझाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाँते वेक्किओ पूल ओलांडून पलीकडे गेलो तर डाव्या हाताला एक लहानसा चौक आणि त्यात सांता फेलिचिता नावाचं चर्च. आत शिरल्या शिरल्या उजवीकडचं पहिलंच चॅपल काप्पोनी घराण्याचं. बांधलेलं ब्रुनेलेस्कीनं, म्हणजे अगदी रेनेसान्सच्या पहिल्या पिढीतलं. लोखंडी जाळी आणि आत अंधार. मी गेलो तेव्हा पेटीत नाणं टाकलं की दिवा लागायचा आणि काही मिनिटांत विझायचा. पहिल्या नाण्यात मला नीट काही कळलंच नाही, नुसता गुलाबी आणि निळा रंग अंगावर आला, मग मी खिशातली सगळी सुट्टी नाणी संपवली.

चित्र याकोपो पोंतोर्मोचं. १५२५ ते १५२८ मधलं. येशूला क्रुसावरून उतरवलंय आणि नेतायत. म्हणजे असं आपण म्हणायचं, कारण चित्रात क्रूस नाही, शिडी नाही, डोंगर नाही, थडगं नाही, त्यामुळे हे उतरवणं आहे की दफनाला नेणं आहे ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वर डावीकडे एक ढग आणि खाली हातभर जमीन, बाकी सगळी तीन मीटर उंचीची पाटी माणसांनी भरलेली, आणि ती माणसं कशावर उभी आहेत ते सांगता येत नाही. मागच्या ओळीतल्या बायका पुढच्यांच्या डोक्याच्याही वर आहेत पण त्यांच्या पायाखाली काय आहे? काहीच नाही. चित्राच्या मध्याशी जिथे आपण येशूचा चेहरा शोधतो तिथे हात आहेत, रिकामे हात आणि एक कापड. येशू बाजूला सरकलाय, त्याची आई मारिया बेशुद्ध पडत मागे जातेय आणि दोघांच्या मधे ती पोकळी. पुढे एक तरुण चवड्यांवर बसून येशूचे पाय पेलतोय आणि तो येशूकडे बघतच नाहीये, तो आपल्याकडे बघतोय, असा की आपण काहीतरी करावं.

आता ह्याच्याशेजारी राफाएलचं १५०७ चं चित्र ठेवा, जे रोमला बोर्गेझे गॅलरीत आहे, विषय तोच. तिथे नेणारे दोघं मागे रेललेत, पाय रोवलेत, एकजण पायरीवर टाच ठेवून चढतोय, प्रेताचं ओझं तुम्हाला किलोत सांगता येईल असं दिसतं. मागे टेकडी, त्यावर तीन क्रूस, झाडं, आकाश. कोण कुठे उभंय, किती लांब, उजेड कुठून येतोय, सगळं कळतं. शंभर वर्षं खपून फ्लॉरेन्सच्या लोकांनी हेच तर कमावलं होतं, पर्स्पेक्टिव्ह, शरीरशास्त्र, भार, सावली. आणि मग वीस वर्षांत त्याच गावातला, आंद्रेआ देल सार्तोसारख्या पक्क्या गुरूच्या हाताखाली शिकलेला माणूस हे सगळं बाजूला ठेवतो. त्याला येत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, त्याची ड्रॉइंग्ज बघा, खडूनं काढलेली, पोट आणि बरगड्यांचा एकेक स्नायू जागेवर.

मला वाटतं मॅनरिझम समजून घ्यायला हे एक चित्र पुरतं. 'रेनेसान्स थकला आणि मग विचित्र चित्रं आली' असं जे पुस्तकांमधे एका परिच्छेदात उरकतात ते मला पटत नाही. तुमची मतं ऐकायची आहेत, विरोधी असली तर जास्त चांगलं.

बाभूळ

विरोधी मत हवंय ना, घ्या. मला ही चित्रं चुकलेलीच वाटतात. म्युनिकला राहतो त्यामुळे गॅलऱ्या बऱ्याच बघून होतात, आणि पार्मिजानीनोची ती लांब मानेची मॅडोना मी उफीत्सीत मुद्दाम थांबून बघितली. मान हंसासारखी, बोटं शेवग्याच्या शेंगा, मांडीवरचं बाळ एवढं लांब की ते कधीही घसरून पडेल आणि मेल्यासारखं दिसतं. डावीकडे देवदूत लोकलमधे कोंबल्यासारखे आणि उजवीकडे ओसाड, तिथे एक मोठा खांब आणि त्याच्या पायाशी चिमुकला संत कागदाची गुंडाळी घेऊन उभा. लिओनार्दोनंतर असं काढायचं? माणूस पर्स्पेक्टिव्ह विसरला की काय.

कोराकागद

बाभूळ, त्या खांबाकडे परत एकदा बघा. वरच्या भागात तो एकच खांब आहे पण खाली पायऱ्यांपाशी बघितलं तर खांबांची अख्खी रांग आहे. ते चित्र अपुरं आहे. १५३४ मधे पार्मातल्या एका चर्चसाठी घेतलेलं काम, १५४० मधे तो वारला तोवर झालंच नाही. पायरीवर लॅटिनमधे लिहिलंय की नियती आड आली म्हणून पार्माच्या माझ्झोलाला (म्हणजे पार्मिजानीनोलाच) हे पुरं करता आलं नाही. त्यामुळे उजवी बाजू किती त्याच्या मनासारखी आणि किती राहून गेलेली हे सांगणं कठीण आहे.

पण मान, बोटं, बाळ हे मात्र पूर्णपणे मुद्दाम आहे. डावीकडे देवदूताच्या हातात तो घडा आहे ना, त्याचा आकार आणि मॅडोनाच्या डोक्यापासून खांद्यापर्यंतचा आकार, आणि खांब, सगळी एकाच वळणाची रेघ आहे. तो आईचं शरीर काढतच नाहीये, सुरईसारखं काहीतरी घडवतोय. बाळ मेल्यासारखं दिसतं म्हणालात ते बरोबर आहे, मला तरी त्यात पुढची पिएता दिसते, आईच्या मांडीवर मेलेला मुलगा. आवडणं न आवडणं वेगळं, पण चुकलंय असं नका म्हणू.

शाईपेन

मी जे वाचलंय त्यानुसार ह्यामागे इतिहास आहे. १५१७ मधे लूथरचं चर्चविरुद्धचं बंड, मग १५२७ मधे सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बिनपगारी सैन्यानं रोम लुटलं, पोप क्लेमेंट सातवा किल्ल्यात लपला, चित्रकार जीव घेऊन पळाले. ज्या जगात सगळं जागच्या जागी होतं ते जगच मोडलं, मग चित्रंही मोडली. मला तर हे अगदी स्पष्ट वाटतं, कला काही हवेत होत नाही.

कोराकागद

शाईपेन, मीही आधी हेच मानायचो पण तारखा जुळत नाहीत. वोल्तेरात रोस्सो फिओरेंतिनोचं क्रुसावरून उतरवण्याचं चित्र आहे, त्यावर १५२१ साल आहे. शिड्या वेड्यावाकड्या, आकाश पत्र्यासारखं सपाट, कपड्यांच्या घड्या कागद चुरगाळल्यासारख्या टोकदार, आणि वर एक म्हातारा जवळजवळ ओरडतोय. हे रोम लुटलं जायच्या सहा वर्षं आधी. पोंतोर्मोनं काप्पोनी चॅपल १५२५ ला घेतलं, तेही आधी. म्हणजे लूट हे कारण असूच शकत नाही, फार तर पुढे ही शैली पसरायचं ते एक कारण आहे कारण रोममधले चित्रकार पांगले. रोस्सो तर फिरत फिरत फ्रान्सला गेला आणि फाँतेनब्लोच्या राजवाड्यात अख्खी गॅलरी सजवली.

लुटीची एक गोष्ट मात्र सांगतो, त्या काळी चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं लिहिलेली. जर्मन सैनिक पार्मिजानीनोच्या घरात घुसले तेव्हा तो चित्र काढत बसला होता, हातातलं काम त्यानं सोडलंच नाही, आणि सैनिक ते चित्र बघून थक्क झाले आणि त्याला तसाच काढू दिला. त्या वेळचं ते मोठं चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मग कारण काय? मला वाटतं कारण स्टुडिओच्या आत आहे. लिओनार्दो १५१९ ला गेला, राफाएल १५२० ला, तेव्हा पोंतोर्मो पंचविशीत, रोस्सो तेवढाच, पार्मिजानीनो तर सतरा वर्षांचा. ह्यांच्या आधीच्या लोकांनी निसर्ग जिंकून ठेवलेला. आता तेच परत करायचं का? आणि मायकेलअँजेलो जिवंत आहे, तो तर स्वतःच बनवलेले नियम मोडत चाललाय.

खडूफळा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी इंटरमीजिएटच्या बॅचेस पंचवीस वर्षं घेतोय. माणूस उभा काढायचा तर पहिला धडा ओळंब्याचा. गळ्याच्या खड्ड्यापासून ओळंबा सोडायचा, ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्यापाशी तो पडला तर माणूस उभा आहे, नाही पडला तर तो पडतोय. रेनेसान्सची चित्रं मी मुलांना ह्यासाठीच दाखवतो, कुठेही दोरा लावा, जुळतो.

काल रात्री मी पोंतोर्मोचं ते चित्र ए-थ्री वर प्रिंट काढलं, भिंतीला लावलं आणि खोडरबर बांधून दोरा सोडला. एकाही माणसाचा जुळला नाही!! काही जणांचे पायच दिसत नाहीत, जे दिसतात ते चवड्यावर. आणि गंमत अशी की तरी कुणी पडतंय असं वाटत नाही. म्हणजे ह्या माणसानं ओळंबा काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं. मी तासभर बघत होतो. मला वाटतं ते दुसरं म्हणजे गोल फिरणारी रेघ आहे, एकाचा हात दुसऱ्याच्या मानेत, त्याची पाठ तिसऱ्याच्या कपड्यात, अशी ती साखळी फिरत राहते आणि सगळे एकमेकांना धरून आहेत. एकाला काढा, सगळे कोसळतील.

मायकेलअँजेलोबद्दल म्हणालात ते खरं आहे. वासारी लिहितो की तो आकृत्या नऊ, दहा, बारा डोक्यांच्याही करायचा, आणि म्हणायचा की कंपास हातात नाही डोळ्यात हवा. आम्ही मुलांना साडेसात आठ डोकी शिकवतो.

रंगांचंही एक सांगतो. सिस्टिन चॅपलचं छत १९८० च्या दशकात साफ केलं तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं की मायकेलअँजेलो म्हणजे तपकिरी, धुरकट. धूर निघाला आणि खालून पोपटी, नारिंगी, जांभळा निघाला. तेव्हा पोंतोर्मोचे रंग आले कुठून ते कळलं. सावली दाखवताना तो रंग काळा करत नाही, रंगच बदलतो, पिवळ्याची सावली हिरवी, गुलाबीची जांभळी.

रानजाई

@खडूफळा सर, हे तर धूपछाँव! आजीचं एक धूपछाँव लुगडं होतं, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, घडी हलली की रंग बदलायचा, मोरपिशी की जांभळा सांगता यायचं नाही. आत्ता चित्र मोठं करून बघितलं, खरंच तसंच आहे.

खडूफळा

रानजाई, अगदी बरोबर पकडलंत, इटालियनमधे त्याला कांजांते म्हणतात आणि तसं रेशीम तिथेही होतंच, फ्लॉरेन्स तर रेशमाचं गाव. उद्यापासून वर्गात धूपछाँवच म्हणणार.

सकाळची फेरी

मला चित्रकलेतलं काही कळत नाही पण मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शरीराचं थोडं कळतं. तो पुढचा चवड्यांवर बसलेला मुलगा बघून मला राहवेना. टाचा उचललेल्या, गुडघे वाकलेले, त्यावर एका मोठ्या माणसाच्या शरीराचा निम्मा भार. अशा स्थितीत पोटरी आणि मांडी दगडासारखी दिसली पाहिजे, खांदे कानांकडे चढले पाहिजेत, मान आखडली पाहिजे. ह्याची मान मोकळी आहे, तो आरामात वळून बघतोय. शरीर एक सांगतंय आणि चेहरा एक. शरीराला वजन लागतच नाहीये पण चेहऱ्यावर मात्र भयंकर ओझं आहे. राफाएलच्या चित्रात उलट, तिथे मला प्रत्येकाची कंबर उद्या दुखणार हे दिसतं. तुमचं म्हणणं की हे मुद्दाम केलंय, ठीक आहे, पण मुद्दाम का? एवढ्या दुःखाच्या प्रसंगात वजन काढून टाकून काय मिळालं?

कोराकागद

सकाळची फेरी, ह्या प्रश्नाचं उत्तर मी मूळ पोस्टमधे लिहिलं होतं आणि पाठवताना काढून टाकलं. आता विचारलंत तर लिहितो.

फ्लॉरेन्सला जायच्या चार महिने आधी माझे बाबा गेले. दादानं मडकं धरलं आणि मी खांदा दिला. घरापासून स्मशान तसं लांब नाही, गल्ली, मग मारुतीचं देऊळ, मग नदीकडचा उतार. तेवढ्या वाटेत मला वजन लागल्याचं आठवत नाही. बाबा चांगले थोराड होते. पायाखाली रस्ता होता हेही आठवत नाही, आठवतात ते हात, बांबूवर पुढे मागे सरकणारे, कुणाचे कुणाचे कळत नव्हतं, आणि बाजूने चालणाऱ्या लोकांचे कपडे, त्यांचे रंग, फार स्पष्ट, इतके की एका काकूंच्या साडीचा पोपटी काठ अजून दिसतो. मी सारखा लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो, बाबांकडे बघतच नव्हतो. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी उजव्या खांद्यावर बांबूचा वळ दिसला तेव्हा कळलं की वजन होतं.

सांता फेलिचितात दिवा लागला आणि तो चवड्यावरचा मुलगा माझ्याकडे बघत होता तेव्हा मला हेच सगळं परत दिसलं. राफाएलनं जे काढलंय ते रस्त्याच्या कडेला उभं राहून दिसतं, अतिशय खरं, अतिशय सुंदर. पोंतोर्मोनं खांदा दिलेल्या माणसाला जे दिसतं ते काढलंय. ते दाखवायला त्याला जमीन काढून टाकावी लागली. मला तरी मॅनरिझमचं मोठेपण इथे वाटतं, की जे मोजता येतं ते सगळं शिकून झाल्यावर ते जे मोजता येत नाही त्याकडे गेले.

रानजाई

थांबून दोनदा वाचलं. लिहिलंत ते बरं केलंत.

सकाळची फेरी

उत्तर मिळालं. पेशंट पण असं सांगतात, अपघाताच्या वेळी दुखलंच नाही म्हणून, वळ नंतर दिसतो.

शब्दवेडी

थोडं शब्दाबद्दल, कारण घोळ तिथेच सुरू होतो. मराठीत ह्याला रीतिलाघववाद म्हणतात, वाचायला अवघड आहे पण लाघव हा शब्द मला आवडतो, सफाई आणि मोहकपणा दोन्ही त्यात येतं. मूळ इटालियन शब्द मानिएरा, तो हात ह्या अर्थाच्या शब्दापासून आलाय, म्हणजे आपलं 'हातवळण' अगदी तंतोतंत. वासारी १५५० मधे चित्रकारांची चरित्रं छापतो तेव्हा मानिएरा हे कौतुक आहे, अमक्याचं हातवळण सुरेख. शंभर सव्वाशे वर्षांनी १६७२ मधे बेल्लोरी हा कलालेखक म्हणतो की ह्या लोकांनी निसर्ग सोडला आणि नुसत्या हातवळणावर चित्रं काढली, आणि तोच शब्द शिवी झाला. १७९२ मधे लांझी हा कलेचा इतिहासकार त्याचा 'इझम' करतो, तेही वाईट अर्थानं. ह्या चित्रांकडे परत प्रेमानं बघायला विसावं शतक उजाडावं लागलं, जर्मनी आणि व्हिएन्नातल्या अभ्यासकांनी ते केलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपैकी बहुतेक काळ बाभूळ म्हणतात तेच सगळे म्हणत होते!

आपल्याकडे मला मोरोपंत आठवतात. एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात, त्यात एक निरोष्ठ, म्हणजे प फ ब भ म हे ओठांचे वर्ण न वापरता. गोष्ट सगळ्यांना पाठ, मग कवीचा सगळा जीव 'कसं सांगितलं' ह्यात. हेही हातवळणच ना?

कोराकागद

शब्दवेडी, हातवळण हा शब्द मी चोरणार. मोरोपंतांची तुलना ब्रोंझिनोला जास्त लागू पडते असं वाटतं, पोंतोर्मोला नाही. पोंतोर्मोच्या चित्रात कसब दिसत नाही, कसबाच्या पलीकडचं काहीतरी दिसतं. त्याचाच लाडका शिष्य ब्रोंझिनो मात्र कसबाचा राजा.

खडूफळा

ब्रोंझिनोचं व्हीनस आणि क्यूपिडचं चित्र, लंडनला आहे, साधारण १५४५ चं, फ्रान्सच्या राजाकडे पाठवलेलं. मागे एक गोड चेहऱ्याची मुलगी मधाचं पोळं पुढे करतेय. तिचे हात बघा. उजव्या दंडाला डावा हात आणि डाव्याला उजवा! खाली कपड्यातून सापासारखं अंग आणि शेपटीला नांगी. पुढे हसत फुलं उधळणारा मुलगा, त्याच्या पावलात काटा शिरलाय आणि त्याला पत्ता नाही. शरीर संगमरवरासारखं, एक ब्रशचा फटकारा दिसत नाही. मुलांना दाखवता येत नाही पण हातांचा तेवढा भाग कापून दाखवतो, चूक शोधा म्हणून. कुणालाच पटकन सापडत नाही.

बाभूळ

हेच तर मला खटकतं. हुशारी सगळी, ऊब कुठेय? पोंतोर्मोबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी गप्प झालो, पण ब्रोंझिनो आणि नंतरचे लोक कोडी घालत बसले असंच वाटतं.

कोराकागद

इथे मी तुमच्याशी सहमत आहे. पुढची मंडळी हातवळणाच्या आहारी गेली. वासारीचंच घ्या, लेखक म्हणून थोर, उफीत्सीची इमारत आणि पुलावरून जाणारा तो लांब कॉरिडॉरही त्याचाच, तो कॉरिडॉर नेमका सांता फेलिचिताच्या दर्शनी भागावरून जातो. पण चित्रकार म्हणून? रोममधे त्यानं एक दालन शंभर दिवसांत रंगवलं आणि त्याचा अभिमान सांगितला, त्यावर मायकेलअँजेलो म्हणाला म्हणे, ते दिसतंच आहे. भिंतीच्या भिंती वळलेल्या पाठी आणि ताणलेल्या पिंढऱ्यांनी भरलेल्या, आणि एकही आकृती आपल्याकडे बघत नाही. मॅनरिझमला जो वाईट शिक्का बसला तो ह्या कामांमुळे, आणि त्यात पोंतोर्मोही भरडला गेला. म्हणून मला सगळ्यांना एका टोपलीत घालणं नको वाटतं.

म्हापशाचा

गोव्यातून लिहितोय. जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका १५९४ ला सुरू होऊन १६०५ ला झाली, तिच्या दर्शनी भागाला बरेच जाणकार मॅनरिस्टच म्हणतात, खांबांवर खांब, गोल खिडक्या, वरती दोन्ही बाजूंना गुंडाळ्यांसारखी वळणं. लहानपणापासून बघतोय, पण ह्या नजरेनं कधी बघितली नव्हती. आणि फ्लॉरेन्सशी थेट नातंही आहे. आत सेंट झेवियरच्या पेटीखाली जो संगमरवरी चौथरा आहे तो फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्या घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमो द मेदिचीनं पाठवलेला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं घडवलेला, १६९८ ला इथे बसवला. तेव्हा शैली बदलून बरोक झाली होती अर्थात. पण त्याच मेदिची घराण्याचे लोक वासारीच्या कॉरिडॉरमधून सांता फेलिचितात प्रार्थनेला येत होते ना?

कोराकागद

हो, कॉरिडॉरमधूनच चर्चच्या आत उघडणारा सज्जा आहे, तिथे बसायचे. ही माहिती मला अगदी नवीन, पुढच्या गोवा ट्रिपला आधी तो चौथरा.

शाईपेन

एक शंका, एल ग्रेकोची माणसं पण अशीच लांब असतात, त्याच्या डोळ्यात दोष होता असं वाचलंय. मग ह्या सगळ्यांच्याच असेल का?

खडूफळा

शाईपेन, हे फार पसरलेलं आहे पण टिकत नाही. समजा त्याला सगळं लांब दिसत होतं, मग कॅनव्हासवरचं त्याचंच चित्रही त्याला लांब दिसलं असतं आणि जुळवून घेताना ते आपल्याला साधंच दिसलं असतं. आणि तोलेदोचं काउंट ऑर्गाझचं दफन बघा, खाली पुरणारे लोक नेहमीच्या मापाचे, वर स्वर्गातले लांब. एकाच चित्रात डोळे दोनदा बिघडतील का? तो क्रीट बेटावरचा, आधी बायझंटाईन पद्धतीची देवचित्रं (आयकॉन) रंगवायला शिकलेला, मग व्हेनिस, रोम आणि शेवटी स्पेन, तीन गावचं पाणी त्याच्यात आहे.

व्हेनिसवरून आठवलं, टिंटोरेट्टोचं शेवटचं भोजन बघा. लिओनार्दोचं टेबल आपल्या समोर आडवं, येशू बरोब्बर मधे, सगळ्या रेघा त्याच्या डोक्याशी. टिंटोरेट्टोचं १५९० च्या दशकातलं, टेबल तिरकं आत घुसतंय, पुढे वाढपी, भांडी, मांजर, येशू आत कुठेतरी, त्याच्या डोक्यामागच्या उजेडानं ओळखायचा.

रानजाई

कोराकागद, पोंतोर्मो माणूस म्हणून कसा होता? एवढं वाचल्यावर जाणून घ्यावंसं वाटतंय.

कोराकागद

एकटा. लहानपणीच आई वडील गेले. काप्पोनी चॅपल त्यानं तीन वर्षं बंद ठेवलं, वासारी म्हणतो की ज्यानं काम दिलं त्या मालकालाही आत येऊ दिलं नाही. घरात झोपायची आणि कामाची खोली माळ्यासारखी, शिडीनं चढायचा आणि शिडी वर ओढून घ्यायचा. आयुष्याच्या शेवटी सान लोरेंझो चर्चमधे मोठं काम करत होता, दहा एक वर्षं, त्यातल्या १५५४ ते १५५६ ची त्याची वही आपल्याकडे आलीय. रोज काय खाल्लं, पाव किती औंस, अंडी किती, पोट कसं होतं, थंडी किती, आणि आज भिंतीवर कुणाचा हात काढला, कुणाचं डोकं. समासात त्या हाताचं डोक्याचं छोटंसं रेखाटन. भावना वगैरे एक शब्द नाही. ती भिंतीवरची चित्रं अठराव्या शतकात पाडली गेली, काही रेखाटनं आणि ती वही एवढंच उरलंय. आज एक बाहू केला, रात्री ब्रोंझिनोकडे जेवलो, अशा नोंदी वाचताना मला फार जवळचा वाटतो तो.

काप्पोनी चित्रात अगदी उजव्या कडेला एक दाढीवाला चेहरा मागून डोकावतो, तो त्याचा स्वतःचा असावा असं मानतात. खांदा द्यायला जागा मिळाली नाही म्हणून मागून चालणाऱ्या माणसासारखा.

बाभूळ

धागा वर आणतोय, तीन आठवडे झाले. गेल्या शनिवारी व्हिएन्नाला गेलो होतो, मुद्दामच गेलो म्हणा. कला संग्रहालयात आधी राफाएलची कुरणातली मॅडोना बघितली, १५०५-०६ ची. तिरक्या त्रिकोणात तिघं बसलेत, मागे तळं, सगळं शांत. मला ते अजूनही सगळ्यात जास्त आवडतं, हे आधी सांगतो.

मग पार्मिजानीनोचं गोल आरशातलं स्वतःचं चित्र. मला वाटायचं केवढं तरी असेल, ते जेवायच्या ताटाएवढंही नाही, चोवीस सेंटीमीटर. २१ वर्षांचा असताना काढलेलं आणि पोपला भेट द्यायला रोमला नेलेलं. पुस्तकात जे कळत नाही ते तिथे कळलं, लाकूडच फुगीर आहे! त्यानं न्हाव्याच्या आरशाच्या मापाचा लाकडी गोळा कातून घेतला, अर्धा कापला आणि त्यावर रंगवलं. पुढे आलेला हात प्रचंड, चेहऱ्याएवढा, मागे खिडकी आणि छत धनुष्यासारखं वाकलेलं. आणि चेहरा? अगदी जसाच्या तसा, देखणा, कुठेही ताणलेला नाही, कारण तो मधोमध आहे. किती वाकवायचं आणि कुठे अजिबात वाकवायचं नाही हे ह्या पोरानं केसाएवढ्या फरकानं मोजलेलं होतं. मी बाजूला सरकून, वाकून, दोन्हीकडून बघितलं, सुरक्षारक्षक माझ्याकडे बघायला लागला.

तर 'पर्स्पेक्टिव्ह विसरला की काय' हे माझं वाक्य मी मागे घेतो. मान मात्र मला अजूनही लांबच वाटते.

खडूफळा

बाभूळ, फोटो काढू देतात का तिथे? बाजूने काढलेला असेल तर टाका ना, लाकडाचा फुगवटा दिसेल असा. मुलांना दाखवायचाय.